डावीकडे न वळणारी फियाट

विरुपाक्ष बिराजदार यांची फियाट डावीकडे वळेनाशी झाली होती, आणि ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाही सांगितली नव्हती. गाडी सरळ जायची, उजवीकडे तर झोकात वळायची. डावीकडेही लांबून, हळूहळू, रुसलेल्या पाहुण्यासारखी वळायची. पण काटकोनात डावं वळण आलं की बॉनेटच्या खालून 'टक्' असा आवाज यायचा आणि स्टेअरिंग तिथंच थांबायचं. मग दातओठ खाऊन ओढलं तरी ते तसूभर हलायचं नाही.

म्हणून बिराजदार सध्या सगळं सोलापूर उजवीकडे वळून पार करत होते. एक डावं वळण टाळायचं असेल तर सरळ पुढं जाऊन तीन उजवी वळणं घ्यायची, हे गणित त्यांना आता झोपेतही जमत होतं. शेळगीतल्या घरातून नव्या पेठेतल्या आपल्या टॉवेल-चादरींच्या दुकानात ते असेच रोज जात होते. बायकोला मात्र हे गणित सुटत नव्हतं.

"अहो, मंडईला जायला स्टेशन कशाला लागतंय मधी?" महादेवीबाईंनी विचारलं.

"लांबून गेलं की इंजिन मोकळं होतंय जरा."

"परवा पण मोकळंच केलं की. कोण ऱ्हातंय स्टेशनकडं?"

"कोण ऱ्हाणार? हमाल ऱ्हातेत!"

महादेवीबाई गप्प बसल्या, पण त्यांची नजर गप्प बसली नाही. मुळात त्या काही संशयी नव्हत्या. पण ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशातली गत. इतकी वर्षं बिराजदारांबरोबर संसार केल्यावर एवढा गुण लागायचाच.

कारण बिराजदारांचा संशय गावाला ठाऊक होता. दूध पातळ आलं की दूधवाल्यावर सगळेच संशय घेतात. बिराजदार दूध घट्ट आलं की जास्त घ्यायचे. डॉक्टरांनी "तुम्हाला काही झालेलं नाही" असं सांगितलं की घरी येऊन म्हणायचे, "कायतरी लपवायलाय." दुकानात गिऱ्हाईकानं टॉवेलची तारीफ केली की ते ओळखायचे, हा घेणार नाही. आणि या बाबतीत त्यांचं हमखास बरोबर निघायचं, त्यामुळे ही खोड आणखीच पक्की झाली होती.

गाडीचं दुखणंही याच खोडीतून निघालं होतं.

फियाट त्यांच्या वडिलांची. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा जो ओतीव बिडाचा भाग असतो, त्याला तडा गेला. जुना भाग मिळत होता, पण बिराजदारांना तो नको होता. "दुसऱ्यानं विकायला काढला म्हंजे त्यात खोट असणारच," ते म्हणाले. शेवटी ते अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सिद्धारामकडे गेले. सिद्धाराम टॉवेलच्या कारखान्यांना वाफेचे पाइप वाकवून, जोडून द्यायचा. बिराजदारांची त्याच्याशी जुनी ओळख होती, त्यामुळे संशयही जुना होता. बिडाच्या भागाऐवजी पाइपांचं नवं हेडर करून द्यायला तो तयार झाला. गाडीखाली डोकावून तो बाहेर आला आणि म्हणाला,

"मालक, पाइप जरा पातळ घेऊ. आन् हितं, स्टेअरिंगचा दांडा फिरतोय तितं, पाइपाला मुद्दाम एक पोचा द्यावा लागंल."

बिराजदारांनी कान टवकारले. "नव्या पाइपाला पोचा?"

"व्हय. तापवून, हातोड्यानं. दांड्याला हालायला जागा नको का?"

"आन् पाइप पातळ?"

"व्हय की."

"सिद्धाराम, मी चादरी विकतो म्हणून मला पाइपातलं कळत न्हाय असं समजू नको. पोचा पडलेला माल पडून असंल तुझ्याकडं, तो माझ्या गळ्यात मारायलास. जाड पाइप लाव. बॉयलरचा. आन् एक जरी पोचा दिसला तर बघ!"

सिद्धारामनं हात पुसले. "लावतो. वळताना ध्यान ठिवा म्हंजे झालं."

हेडर असं झालं की त्याला काजळाचं बोट लावावं. जाडजूड, गोल गरगरीत, कुठं पोचा नाही की ओरखडा नाही. गाडीचा आवाजही भारदस्त झाला. त्याच आनंदात बिराजदार फाटकाबाहेर पडले, डावीकडे वळले, आणि 'टक्'.

तेव्हाच परत गेले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण परत गेलं की सिद्धाराम म्हणणार, "मी म्हनलं न्हवतं?" आणि तो हे वाक्य ओठावर घेऊन वाटच बघत बसलाय, अशी बिराजदारांना पक्की खात्री. म्हणून ते गेले नाहीत. सोलापुरात उजवी वळणं काय थोडी आहेत?

अशात काव्याला स्थळ आलं.

काव्या त्यांची एकुलती एक लेक, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायची. स्थळं पुष्कळ येत होती, पण बापाच्या चाळणीतून एकही खाली पडत नव्हतं. एका घरची माणसं फार हसली, म्हणून नको. एका घरची अजिबात हसली नाहीत, म्हणून नको. एका घरचं देवघर इतकं लख्ख होतं की बिराजदार बाहेर येऊन म्हणाले, "हितं पूजा होत नसणार." काव्याला कोणी मत विचारलं की ती नुसते खांदे उडवायची.

या वेळी तिनं खांदे उडवले नाहीत. स्थळ महादेवीबाईंच्या चुलतबहिणीनं आणलं होतं. मुलगा महेश्वर वीज कंपनीत इंजिनिअर. वडील पंचाक्षरी, रेल्वेतले निवृत्त अधिकारी. आई ईरम्मा, सुगरण. जुळे सोलापुरात स्वतःचं घर, दारात मोठी पांढरी गाडी. मुलामुलीनं एकमेकांना बघायचा कार्यक्रम त्या मावशीकडेच झाला, आणि घरी आल्यावर काव्या आईला म्हणाली, "आई, हे मोडू देऊ नको." एवढंच म्हणाली, पण महादेवीबाईंना तेवढं पुरलं.

आता मुलाचं घर बघणं तेवढं राहिलं होतं.

"इतकं सगळं चांगलं कसं असंल?" रविवारी सकाळी बिराजदार दाढी करता करता म्हणाले. "घर चांगलं, पोरगा चांगला, वर आणि सासू सुगरण! कायतरी दडवायलेत. मी आधीच सांगून ठेवतो. आज तिथं लपवाछपवी दिसली, बारीक जरी दिसली, तरी स्थळ रद्द. मग मला कोणी बोलायचं न्हाय."

मागं साडीला पिन लावत उभ्या असलेल्या काव्याचा चेहरा एकदम उतरला.

"अहो, रिक्षानं जाऊ या का?" महादेवीबाई म्हणाल्या. त्यांना स्टेशन नको होतं.

"मुलीकडची माणसं रिक्षातनं उतरली तर काय म्हणतील? घरची गाडी असताना?"

शेळगी ते जुळे सोलापूर हा प्रवास बिराजदारांनी असा आखला होता की एकदाही काटकोनात डावीकडे वळावं लागू नये. तो जवळजवळ साधला. घर अगदी समोर आलं. मुख्य रस्त्याच्या डाव्या हाताला कोपऱ्यावरचं दुमजली घर, शेजारून आत जाणारी गल्ली, आणि घराचं फाटक त्या गल्लीत.

"त्या कडुनिंबाच्या अलीकडं डावीकडं, अप्पा," काव्यानं मागून सांगितलं. बिराजदारांचं सगळं लक्ष स्टेअरिंगवर होतं.

वर गॅलरीत पंचाक्षरी, ईरम्मा आणि महेश्वर परीटघडीच्या कपड्यांत उभे होते. गाडी दिसताच तिघांनी हात जोडले. बिराजदारांनी मनातल्या मनात सिद्धेश्वराचं नाव घेतलं आणि स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. 'टक्'. गाडी सरळ पुढं निघून गेली, आणि गॅलरीतले हात जोडलेले तसेच राहिले.

"अहो, घर गेलं की मागं!"

"दिसलं."

"मग वळवा की!"

"वळवतोय. तीनदा उजवीकडं घेतलं की आपोआप डावीकडं होतंय."

महादेवीबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. हळूहळू त्यांच्या डोक्यात मंडई आली, मग स्टेशन आलं. "म्हंजे ही डावीकडं वळतच न्हाय?"

"वळती. लाजती जरा."

"अय्यो! आणि मी इतके दिवस स्टेशनकडच्या त्या बाईला मनातल्या मनात शिव्या घालायलेय!"

"कोणच्या बाईला?"

"तीच तर सापडंना झाली होती!"

एवढ्यात तिसरं उजवं वळण घेऊन गाडी घरासमोरच्या बोळात शिरली. आता नाकासमोर जायचं, मुख्य रस्ता ओलांडायचा, की थेट त्यांच्या गल्लीत. पण बोळाच्या तोंडाशी ड्रेनेजसाठी भला मोठा चर खणून ठेवला होता. मागं घ्यावी तर फियाटचा मागचा गिअर मनात आलं तर पडायचा, आणि आज त्याच्या मनात नव्हतं. शेजारच्या मोकळ्या बखळीतून कसंबसं निसटून, आणखी उजवीकडे वळत वळत, गाडी पुन्हा त्याच मुख्य रस्त्याला लागली आणि पुन्हा त्याच घरावरून गेली.

"इथंच रस्त्यावर लावा ना, अप्पा," काव्या काकुळतीला येऊन म्हणाली.

"रस्त्यावर? आणि कोणी ओरखडा काढला म्हंजे?"

इकडे गॅलरीत ईरम्माबाईंनी पदर तोंडाला लावला. "अय्यो शिवने, पुन्हा गेले! आत का येईनात?"

"चौकशी करायलेत," पंचाक्षरी दबक्या आवाजात म्हणाले.

सोयरीक जुळवण्याआधी गल्लीत जाऊन चौकशी करायची रीत काही नवी नाही. किराणावाल्याला विचारायचं, इस्त्रीवाल्याला विचारायचं, आपण कोण ते मात्र सांगायचं नाही. सगळेच करतात. पण घरच्या माणसांना गॅलरीत उभं करून, त्यांच्या डोळ्यांदेखत गाडी फिरवत चौकशी करणारा माणूस पंचाक्षरींनी जन्मात पाहिला नव्हता. आणि त्या घरात दडवलेलं होतं खरंच.

तिसऱ्या फेरीला तर कहर झाला. फियाट घरासमोरच्या इस्त्रीवाल्यापाशी थांबली. बिराजदारांनी खिडकीतून हात काढून घराकडं बोट दाखवलं. ते विचारत होते, "बाबा रे, डावीकडं न वळता त्या घरात कसं शिरायचं?" असा प्रश्न इस्त्रीवाल्याला आजवर कोणी विचारला नव्हता. त्यानं डोकं खाजवलं, हातातली इस्त्री तशीच उचलली आणि फाटकाजवळच्या पांढऱ्या गाडीकडं दाखवून सांगू लागला की तिथं ती एवढी मोठी गाडी आडवी लावलीय, नाहीतर जागा झाली असती. वरून ऐकू काहीच येत नव्हतं. वरून फक्त इस्त्री दिसली, पांढऱ्या गाडीवर रोखलेली.

"झालं!" पंचाक्षरी म्हणाले. "त्यानं सांगितलं."

ते तसेच, चप्पल न घालता, जिना उतरून रस्त्यावर आले आणि दोन्ही हात पसरून फियाटसमोर उभे राहिले.

"शरणार्थी, बिराजदार साहेब. आता बास करा."

"शरणार्थी, शरणार्थी," बिराजदारांनीही उलट नमस्कार केला. "काय झालंय, गाडीचं जरा—"

"गाडीचं मीच सांगतो. त्या इस्त्रीवाल्याला कशाला विचारायलाय? ती पांढरी गाडी आमची न्हाय. शेजाऱ्याची हाय. आजच्यापुरती मागून घेतली. आमच्याकडं मोटारसायकल हाय, ती मागं ताडपत्रीखाली झाकलीय."

बिराजदारांचं तोंड उघडंच राहिलं. ते आपल्या गाडीविषयी बोलणार होते. पण आपोआप बाहेर पडणारी गोष्ट अडवायची, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तोंड मिटलं आणि नुसतं पंचाक्षरींकडं बघत राहिले. त्या बघण्यानं पंचाक्षरींना घाम फुटला.

"आणि मी रेल्वेत अधिकारी पण नव्हतो. कुर्डुवाडीला वर्कशॉपात फिटर होतो. ही म्हणाली, अधिकारी म्हणा, मुलीकडचे मोठ्या दुकानाचे मालक हायेत. चुकलं आमचं."

"आणखी?"

"आणखी... मी शेळगीत येऊन तुमची चौकशी पण करून गेलो. तुमचा किराणावाला म्हणाला, माणूस लई संशयी हाय, पण मापात कधी मारत न्हाय."

मागच्या सीटवर काव्यानं डोळे मिटून घेतले. लपवाछपवी निघाली होती, आणि ती काही बारीक नव्हती. आता बाप गाडी फिरवणार आणि आपलं सगळं इथंच संपणार, या विचारानं तिचं रडू फुटायच्या बेतात होतं.

बिराजदार दार उघडून खाली उतरले. त्यांनी पंचाक्षरींचा हात दोन्ही हातांत धरला.

"पंचाक्षरी, आता माझ्या जिवाला बरं वाटलं! सकाळपासून घास गिळवत नव्हता बघा. इतकं चांगलं घर म्हंजे कुठंतरी पाणी मुरतंय, पण कुठं ते कळंना. आता कळलं. एवढंच मुरत होतं व्हय?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "फिटर होता म्हणालात न्हवं? जरा बॉनेट उघडतो."

अशा रीतीनं घर बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बायका आत गेल्या. "बर्री, बर्री, कूड्री," म्हणत ईरम्माबाईंनी सगळ्यांना बसवलं, चहा झाला, शेंगाच्या पोळ्या आल्या. बिराजदारांनी पोळीमागून पोळी खाल्ली आणि "असा हात सोलापुरात दुसरा न्हाय" असं सांगितलं. ईरम्माबाई नुसत्या हसल्या. मग दोघे बाप बाहेर जाऊन गाडीखाली शिरले.

"हे मोटारीचं हाय का रेल्वेचं?" हेडर बघून पंचाक्षरींनी विचारलं.

"मुद्दाम जाड घेतलंय."

"हितं पोचा द्यायला पायजे होता. दांड्याला हालायला जागाच न्हाय ठेवली. कसला कारागीर हो हा? साधं एवढं कळलं न्हाय त्याला?"

बिराजदार गाडीखाली जोरात खोकले. "आजकाल कारागीर कुठले राहिलेत?" ते म्हणाले.

पंचाक्षरींनी हातोडा घातला. पाइप बॉयलरचा, तो कशाला दबतोय? उलट गल्लीतली कुत्री भुंकू लागली. शेवटी त्यांनी ठरवलं की पाइप दबत नाही तर इंजिनच जरा सरकवायचं. इंजिन ज्या रबरांवर बसतं त्यांचे नट ढिले केले, एका बाजूला रबराच्या जाड पट्ट्या घातल्या. एक पट्टी पुरली असती. पण रेल्वेचा हात, त्यांनी तीन घातल्या. मग स्टेअरिंग डावीकडे फिरवून बघितलं. टक् नाही की फक् नाही. दोघेही तोंडाला काळं फासलेल्या अवस्थेत घरात आले तेव्हा बायकांची बोलणी साखरपुड्यापर्यंत गेली होती. महेश्वर आणि काव्या समोरासमोर बसून एकमेकांकडं अजिबात बघत नव्हते.

निरोप घेऊन सगळे निघाले. गाडी सरळ चौकापर्यंत आली. घरी जायला इथं उजवीकडे वळायचं होतं. बिराजदारांनी ऐटीत स्टेअरिंग फिरवलं.

'टक्'.

वरचा पाइप सुटला होता, आता खालचा अडकत होता.

"आता तीन डावीकडं घ्या," महादेवीबाई शांतपणे म्हणाल्या. एका दिवसात त्याही शिकल्या होत्या.

डावी, डावी, डावी करत फियाट त्याच घराशेजारच्या गल्लीतून, फाटकासमोरून आली. ईरम्माबाई कपबशा विसळत होत्या. गाडी बघून त्यांच्या हातातली बशी खाली पडली. ओल्या हातानं त्या धावत फाटकात आल्या.

"सांगते हो, सांगते! शेंगाच्या पोळ्या विकतच्या होत्या! मला भाकरी, आमटी सगळं येतंय, पोळीच तेवढी जमत न्हाय! सुगरण म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला?"

समोर तोच चर होता. गाडी पुन्हा डावीकडे मुख्य रस्त्याला लागली. बिराजदारांचे डोळे लकाकायला लागले होते.

"आणखी एक फेरी मारू या," ते म्हणाले.

"अप्पा, नको," काव्या मागून पटकन म्हणाली. "चराच्या पलीकडून रस्ता असेल. विचारू या."

"अगं, न विचारता बाहेर पडायलंय सगळं! असली गाडी सरकारनं घ्यायला पायजे."

पुन्हा डावी, डावी, डावी. या खेपेला फाटकात महेश्वर उभा होता. पांढराफटक पडला होता, आणि वर्गात उत्तर येत नसतानाही हात वर करणाऱ्या मुलासारखं त्यानं एक बोट वर धरलं होतं. काव्यानं त्याला बघितलं. त्यानं काव्याला बघितलं.

"अप्पा, थांबवा गाडी," काव्या म्हणाली. "तो सांगायच्या आधी मी सांगते."

बिराजदारांनी गाडी थांबवली.

"मी आणि महेश्वर दोन वर्षांपासून एकमेकांना ओळखतो. अभ्यासिकेत भेटलो. हे स्थळ मावशीनं शोधलं नाही, मीच तिला सांगितलं आणि तुमच्यापुढं आणायला लावलं. सरळ सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्यात काहीतरी खोट काढली असती. मला तो पाहिजे, अप्पा. म्हणून लपवलं."

बिराजदारांनी गाडीतल्या आरशात लेकीकडं बघितलं. दूधवाला झाला, डॉक्टर झाले, लोकांची देवघरं झाली. जगात सगळ्यांवर त्यांनी संशय घेतला होता. या एका पोरीवर घ्यायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. राग यायला हवा होता, तो येईना, नुसतंच वाईट वाटलं.

"माझ्यापासनं लपवलंस?" ते हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही?" महादेवीबाई म्हणाल्या. "गाडी वळत न्हाय हे आम्हाला सांगितलं होतं?"

"ते वेगळं. सिद्धारामनं आधीच सांगितलं होतं, पोचा द्यावा लागतोय म्हणून. मीच देऊ दिला न्हाय."

"मग घरी सांगायचं की तसं."

"तुम्ही हसला असता."

"तुम्हाला हसण्याची भीती. तिला मोडण्याची भीती. कोणाचं लपवणं जास्त खरं, सांगा बघू?"

एकदम बिराजदारांच्या ध्यानात आलं. "तुला माहीत होतं हे?"

"आई हाय मी तिची."

बिराजदारांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ, हिकडं या."

महेश्वर आला.

"तुम्हाला काय सांगायचं होतं?"

"हेच, काका."

"आणखी काय हाय?"

महेश्वरनं वर धरलेलं बोट खाली घेतलं. "मागं एकदा तुमच्या दुकानात टॉवेल घ्यायला आलो होतो. टॉवेल नको होता. तुम्हाला बघायला आलो होतो."

"तारीफ केली का टॉवेलची?"

"नाही, काका. घासाघीस केली. मग घेतला."

बिराजदारांनी बायकोकडं वळून बघितलं. "गिऱ्हाईक खरं हाय," ते म्हणाले. मग पुन्हा बाहेर बघून त्यांनी घसा खाकरला. "हे बघा. पुढं चर हाय. ही उजवीकडं वळंना झालीय, मागचा गिअर पडंना झालाय. कोणीतरी समोरनं मागं ढकलली तर जरा पुढं, जरा मागं असं करत निघंल. तवा, जावईबापू, लावा हात."

काव्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. महेश्वरनं बाह्या सरसावल्या, बॉनेटवर दोन्ही हात टेकले आणि जोर लावला. काचेच्या एका बाजूला लालबुंद झालेला जावई, दुसऱ्या बाजूला त्याचं तोंड निरखणारा सासरा. गाडी हलेना. जावयाच्या कपाळावरची शीर फुगली, तरी हलेना.

काव्या दार उघडून खाली उतरली. पदर खोचून महेश्वरच्या शेजारी उभी राहिली आणि तिनंही हात लावला. तरीही फियाट जागची हलली नाही.

"अहो," महादेवीबाईंनी खाली बघत विचारलं, "ब्रेकवर पाय कशाला ठेवलाय?"

"बघायलोय."

"काय?"

"मनापासनं ढकलतोय का नुसता हात लावलाय ते."

"बघून झालं का?"

काचेपलीकडं दोघांची तोंडं घामानं डबडबली होती, आणि दोघंही हसत होती. बिराजदारांनी आणखी थोडा वेळ बघितलं. मग त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला.